एका दांडीच्या रेंजवर ईमेल : टर्मिनलमधून टपाल विचारायची रीत

माझ्या बहिणीचं घर किनवटच्या पुढं, डोंगरात आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, इतकं नांदेड जिल्ह्याच्या टोकाला. घरात रेंज नसते. अंगणातल्या चिंचेखाली एक दांडी दिसते, तीही वारा सुटला की जाते. मागच्या वर्षी भाच्याला एका कंपनीतून मुलाखतीचा मेल यायचा होता. तो शुक्रवारी संध्याकाळी आला. सोमवारी सकाळी १० वाजता हजर राहायचं होतं. पोरानं शनिवार-रविवार दोन्ही दिवस चिंचेखाली उभं राहून ब्राउझरमध्ये मेल उघडायचा प्रयत्न केला. पांढरं पान आणि फिरणारं चाक, याच्यापुढं काही सरकलं नाही. डेटा वाचावा म्हणून फोनचं सिंक त्यानं बंदच ठेवलं होतं. मंगळवारी किनवटला आल्यावर मेल दिसला, आणि तिथूनच त्यानं मला फोन केला. "मामा, पान उघडंनाच गेलं हो. आलाय का नाय एवढं जरी कळलं असतं, तर रात्रीच निघालो असतो."

ते वाक्य मला फार लागलं. कारण 'आलाय का नाही' एवढंच विचारायला पान उघडावं लागत नाही. गावात पोस्टमन दिसला की माणसं विचारायची, "आमचं काही आलंय का?" तो मान हलवायचा आणि पुढं जायचा. पोतं सोडून दाखव म्हणून कुणी अडवत नव्हतं. मेलच्या सर्व्हरलाही असाच एका ओळीचा प्रश्न विचारता येतो आणि एका ओळीचं उत्तर मिळतं. जीमेलचं पान उघडायला काही एमबी डेटा लागतो, या प्रश्नोत्तराला काही केबी पुरतात. म्हणून एका दांडीवरही काम होतं. भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगून शिकवलं, त्याच क्रमानं इथं लिहितोय. तुम्ही आजवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, कधी उघडली नसेल, असंच धरून चाललोय.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. फोनवर अक्षरं सांगतात तशा सगळ्या आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी कीबोर्डवर, इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. आकडेही इंग्रजीच. जिथं स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथं अक्षरं फोडून दिली आहेत. रेघ, तिरकी रेघ, कंस, अवतरणचिन्ह जसंच्या तसं टाकायचं. दोन शब्दांमध्ये दिसते तिथं स्पेस सोडायची, दुसरीकडं कुठं नाही.

आधी चांगल्या रेंजमध्ये करायची तयारी

ही कामं तालुक्याला, कॉलेजात, कुणाच्या वायफायवर बसून उरकून घ्या. एकदाच करावी लागतात.

फोनवर करायचं असेल तर टर्मक्स नावाचं ॲप लागतं. ते एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या दुकानावरून घ्या. आत काळी खिडकी उघडते. तिथं पहिल्यांदा 'पीकेजी अपडेट' आणि मग 'पीकेजी इन्स्टॉल कर्ल' चालवा. कर्ल हा सर्व्हरशी बोलणारा छोटा प्रोग्राम. स्पेलिंग सी, यू, आर, एल, चारही अक्षरं छोटी. लिनक्सवर तो बहुतेक वेळा असतोच. विंडोज १० मध्ये २०१८ पासून तो सोबतच येतो, पण तिथं कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरशेल नको. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये 'कर्ल' म्हटलं की दुसरीच आज्ञा चालते आणि लाल अक्षरांची रांग लागते. नवखा माणूस तिथंच घाबरतो.

कर्ल आहे की नाही हे असं बघायचं :

कर्ल -व्ही

इथली 'व्ही' मोठी. उत्तरात 'प्रोटोकॉल्स' या शब्दापुढं बरीच नावं येतील. त्यांत 'आयमॅप्स' शोधा : आय, एम, ए, पी, एस. मेलच्या सर्व्हरशी बोलायची ही भाषा. ते दिसलं की हत्यार हाताशी आलं समजा.

दुसरी तयारी पासवर्डची. इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सावकाश सांगतो. जीमेलचा रोजचा पासवर्ड इथं चालणार नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गुगलनं ती सोय ३० मे २०२२ पासून काढायला सुरुवात केली. आता 'ॲप पासवर्ड', म्हणजे एका प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड, लागतो. त्यासाठी गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री) चालू करा. ते चालू झाल्याशिवाय ॲप पासवर्डचं पान मिळतच नाही, आणि माणूस "माझ्याकडं ते दिसंनाच" म्हणत बसतो. चालू केल्यावर खात्याच्या शोधपेटीत 'ॲप पासवर्ड्स' असं इंग्रजीत टाका, त्याला एक नाव द्या, समजा 'टर्मिनल', आणि बनवा. चार-चार अक्षरांचे चार गट, अशी १६ अक्षरं दिसतील. ती एकदाच दिसतात. कागदावर उतरवून घ्या. टाकताना मधल्या जागा सोडायच्या नाहीत, सलग १६ अक्षरं टाकायची. पुढं कधी खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात तर हा ॲप पासवर्डही रद्द होतो. मग हा दुसरा बनवायचा.

जीमेलच्या सेटिंगमध्ये पूर्वी आयमॅप चालू करावं लागायचं. वैयक्तिक खात्यात आता ते चालूच असतं. कॉलेजनं किंवा कार्यालयानं दिलेल्या खात्यात मात्र तिथल्या व्यवस्थापकानं ही वाट बंद ठेवलेली असू शकते, त्यांना विचारा. आउटलुकच्या वैयक्तिक खात्यावर ही रीत चालत नाही. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२४ मध्ये साध्या पासवर्डनं आत येणं बंद केलं. याहूवर ॲप पासवर्ड बनवून चालते, फक्त सर्व्हरचं नाव 'आयमॅप.मेल.याहू.कॉम' असं टाकायचं.

पहिला प्रश्न

आता चिंचेखाली चला. ही ओळ टाका :

कर्ल -यू तुमचानाव@जीमेल.कॉम आयमॅप्स://आयमॅप.जीमेल.कॉम -एक्स "स्टेटस इनबॉक्स (अनसीन)"

'यू' छोटा, 'एक्स' मोठा. 'तुमचानाव'च्या जागी तुमच्या पत्त्यातला ॲटच्या अलीकडचा भाग. आयमॅप्समध्ये शेवटी एस आहे, पुढच्या आयमॅपमध्ये नाही. त्या एसचा अर्थ असा की बोलणं कुलपात बंद होऊन जातं. सर्व्हरचं ९९३ नंबरचं दार त्यासाठीच आहे, आणि कर्ल ते आपोआप निवडतो. अवतरणचिन्हातले तीनही शब्द मोठ्या लिपीत टाकायची सवय ठेवा. अनसीन म्हणजे यू, एन, एस, ई, ई, एन.

एंटर दाबलं की पासवर्ड विचारला जाईल. १६ अक्षरं टाका. टाकताना पडद्यावर काहीच उमटणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजू नका. पूर्ण टाकून एंटर दाबा. दोन-चार सेकंदांनी अशी ओळ येईल :

* स्टेटस "इनबॉक्स" (अनसीन ५)

म्हणजे न वाचलेले ५ मेल थांबलेत. शून्य आलं तर काही आलेलं नाही. काम एवढंच.

पासवर्ड आज्ञेतच लिहायची सोय आहे, पत्त्यापुढं विसर्गासारखे दोन ठिंब देऊन. ती वापरू नका. टर्मिनल मागच्या आज्ञा लक्षात ठेवतं. तुमच्यानंतर त्या यंत्रावर बसणाऱ्यानं वरचा बाण दाबला की तुमचा पासवर्ड त्याच्यासमोर.

या भाषेचं नाव आयमॅप. १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ती रचली. मेल सर्व्हरवरच राहू द्यायचा आणि लांबून त्याच्याशी बोलायचं, हा तिचा मूळ विचार. तेव्हाची जोडणी आपल्या चिंचेखालच्या रेंजपेक्षा बरी नव्हती. म्हणूनच ही भाषा इतकी मोजकं बोलते, आणि म्हणूनच ती आज आपल्या कामाला येते.

आकडा भलताच मोठा आला तर

भाच्याला पहिल्यांदा ५ नाही, ३ हजारांवर आकडा आला. जीमेलमध्ये प्रमोशन्स, सोशल असे जे कप्पे दिसतात, ते आयमॅपला माहीत नाहीत. त्याच्या लेखी सगळा इनबॉक्स एकच. त्यामुळं वर्षानुवर्षं न उघडलेल्या जाहिरातीही मोजल्या जातात. अशा वेळी तारीख सांगून विचारायचं :

कर्ल -यू तुमचानाव@जीमेल.कॉम आयमॅप्स://आयमॅप.जीमेल.कॉम/इनबॉक्स -एक्स "सर्च अनसीन सिन्स १०-जून-२०२५"

दोन गोष्टी बदलल्यात. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इनबॉक्स आलंय, आणि प्रश्नात सर्च. महिन्याची इंग्रजी पहिली तीन अक्षरं घ्यायची : जे-यू-एन, जे-यू-एल, ए-यू-जी. आकड्यात महिना लिहिला तर सर्व्हर नाकारतो. उत्तर असं येतं :

* सर्च ४८४१ ४८४३ ४८५०

हे तीन मेल त्या तारखेपासून आलेत आणि न वाचलेले आहेत. आकडे म्हणजे पेटीतले त्यांचे क्रमांक. पाठवणारा माहीत असेल तर आणखी नेमकं विचारता येतं. 'सिन्स' आणि तारीख काढून तिथं 'फ्रॉम' लिहा आणि पुढं पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला एखादा शब्द. मुलाखतीची, हॉल तिकिटाची, प्रवेशाच्या फेरीची वाट बघणाऱ्यांनी हाच प्रश्न पाठ करून ठेवावा. इतर सगळी गर्दी बाजूला पडते.

कुणाचा आहे तेवढं बघायचं, वाचल्याची खूण न करता

इथं एक धोका आहे. कर्लला थेट पत्त्यात क्रमांक देऊन मेल मागवता येतो, पण तसं मागवलं की सर्व्हर त्या मेलवर 'वाचला' अशी खूण करतो. घाईत, अर्ध्या रेंजवर, पूर्ण न पोचलेला मेल वाचलेला ठरला, तर पुढच्या वेळी तो मोजणीत येणारच नाही. वाट बघणाऱ्याच्या दृष्टीनं तो हरवलाच. म्हणून पाकीट फोडायचं नाही, पाकिटावरचं वाचायचं. त्यासाठी शब्दही तसाच आहे, एन्व्हलप :

कर्ल -यू तुमचानाव@जीमेल.कॉम आयमॅप्स://आयमॅप.जीमेल.कॉम/इनबॉक्स -एक्स "फेच ४८५० एन्व्हलप"

फेच म्हणजे एफ, ई, टी, सी, एच. एन्व्हलप म्हणजे ई, एन, व्ही, ई, एल, ओ, पी, ई. उत्तरात कंसांची गर्दी दिसेल, पण क्रम ठरलेला असतो : आधी तारीख, मग विषय, मग पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. पत्ता दोन तुकड्यांत येतो, ॲटच्या अलीकडचा आणि पलीकडचा. 'निल' म्हणजे ती जागा रिकामी. तीनही मेल एकदम बघायचे तर क्रमांकांमध्ये स्वल्पविराम द्या, स्पेस नको. यानं वाचल्याची खूण होत नाही, मी वारंवार करून पाहिलंय.

विषय इंग्रजीत असेल तर लगेच वाचता येतो. मराठीत असेल तर बघून धसका बसतो : बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, 'यूटीएफ-८', पुन्हा प्रश्नचिन्ह, 'बी', आणि मग अक्षरांचं जंगल. मेल बिघडलेला नसतो. मेलची वाट मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली होती, म्हणून देवनागरी तिच्यावरून वेष बदलून जाते. या वेषाला बेस६४ म्हणतात. तो ओळखायची एक खूण आहे, आणि मला ती फार आवडते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा साठवायला ३ बाइट लागतात, आणि बेस६४ मध्ये ३ बाइटची बरोबर ४ चिन्हं होतात. त्यामुळं मराठी विषयात '४केएस' किंवा '४केडब्ल्यू' हे पुन्हा पुन्हा येत राहतं. 'क' म्हणजे ४, के, एस, व्ही. काना म्हणजे ४, के, एस आणि अधिकचं चिन्ह. मध्ये मोकळी जागा आली की ही लय मोडते, पण पहिल्या शब्दावरून ओळख पटते. रांग '४केएस'नं सुरू झाली की समजा, कुणीतरी मराठीत लिहिलंय.

वेष उतरवायला 'बी'च्या पुढच्या प्रश्नचिन्हानंतरचा भाग, शेवटच्या प्रश्नचिन्हाच्या अलीकडंपर्यंत, उचला आणि लिनक्स किंवा टर्मक्सवर असं करा :

इको "उचललेला भाग" | बेस६४ -डी

आज्ञेत 'बेस'ला लागूनच ६४, 'डी' छोटा. खाली स्वच्छ मराठी ओळ उमटते. लांब विषय दोन-तीन तुकड्यांत येतो, मग तुकडा-तुकडा करून बघा. 'बी'च्या जागी 'क्यू' असेल आणि पुढं बरोबरच्या चिन्हांसोबत 'ई०', 'ए४' अशी जोडी सारखी दिसत असेल, तर तीही देवनागरीच, वेष तेवढा दुसरा.

उत्तर आलंच नाही तर

कर्ल कंसात एक आकडा देतो. तो बघायची सवय लावा, अर्धी चिंता तिथंच मिटते.

६ म्हणजे सर्व्हरचं नावच सापडलं नाही. एकतर रेंज गेलीय, नाहीतर स्पेलिंग चुकलंय. ७ म्हणजे जोडणी झाली नाही. २८ म्हणजे वाट बघून वेळ संपला. कमकुवत रेंजवर कर्ल खूप वेळ ताटकळत बसतो, म्हणून आज्ञेत '-एम ६०' घाला (एम छोटा), ६० सेकंदांनी तो आपणहून थांबेल आणि तुम्ही दोन पावलं सरकून पुन्हा विचाराल. ६७ म्हणजे पासवर्ड नाकारला. बहुतेक वेळा माणसानं सवयीनं रोजचा पासवर्ड टाकलेला असतो.

६० आला तर नीट लक्ष द्या. सर्व्हरच्या ओळखपत्राची खात्री पटली नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडं याचं नेहमीचं कारण म्हणजे फोनची बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागं गेलेली असते. तारीख-वेळ दुरुस्त करा. '-के' लावलं की ही तक्रार गप्प होते, असं कुणी सांगेल. ऐकू नका. त्यानं ओळखपत्र तपासणंच बंद होतं, आणि तुमचा पासवर्ड कुणाच्या हाती जातोय हे कळायला मार्ग उरत नाही.

आज्ञा बरोबर दिसतेय आणि तरी चालत नाही, तर अवतरणचिन्ह बघा. वर्डमधून चिकटवलेल्या ओळीत ते वाकडं होऊन येतं. टर्मिनलला सरळच लागतं. पुसून हातानं टाका. भाच्याचा एक अख्खा दुपारचा वेळ या वाकड्या चिन्हानं खाल्ला होता.

छोट्या व्हीचं '-व्ही' लावलं तर सर्व्हरशी झालेलं सगळं बोलणं दिसतं. शिकायला फार छान आहे. पण त्या पडद्याचा फोटो काढून कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्यात तुमचा पासवर्ड बेस६४च्या वेषात असतो, आणि वेष कसा उतरवतात ते तुम्ही आत्ताच शिकलात.

रोजच्यासाठी एक शब्द

टर्मक्सचा फोन किंवा लिनक्सचा लॅपटॉप फक्त तुमचाच असेल, तर एवढी लांब ओळ रोज टाकायची गरज नाही. सेवा केंद्रातल्या, कॉलेजच्या, मित्राच्या यंत्रावर हे करू नका.

टर्मिनल उघडल्यावर आपण असतो त्या घरच्या फोल्डरमध्ये 'नॅनो .नेटआरसी' अशी फाइल उघडा. नॅनो म्हणजे टर्मिनलमध्ये फाइल लिहायचा प्रोग्राम. सुरुवातीचा ठिंब महत्त्वाचा, पुढं एन, ई, टी, आर, सी. नॅनो नसेल तर 'पीकेजी इन्स्टॉल नॅनो'. तिच्यात एकच ओळ :

मशीन आयमॅप.जीमेल.कॉम लॉगिन तुमचानाव@जीमेल.कॉम पासवर्ड सोळाअक्षरं

कंट्रोल-ओ, एंटर, मग कंट्रोल-एक्स. आता ती फाइल तुमच्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये म्हणून :

सीएचमॉड ६०० .नेटआरसी

मग '.बॅशआरसी' फाइल तशीच उघडून शेवटी ही ओळ :

एलिअस टपाल='कर्ल -एसएस -एम ६० -एन आयमॅप्स://आयमॅप.जीमेल.कॉम -एक्स "स्टेटस इनबॉक्स (अनसीन)"'

'-एसएस'मधला पहिला एस छोटा आणि दुसरा मोठा. त्यानं फालतू मोजमाप दिसत नाही, पण चूक झाली तर ती दिसते. '-एन' छोटा, त्यानं पासवर्ड फाइलमधून घेतला जातो. बाहेर एकेरी अवतरण, आत दुहेरी. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, आणि टी, ए, पी, ए, एल एवढीच पाच अक्षरं टाका.

लिनक्सवाल्यांना कधी टर्मिनलमध्ये आपोआप "यू हॅव मेल" असं दिसतं. ते जीमेलचं नसतं. यंत्राच्या स्वतःच्या टपालपेटीत आलेली सूचना असते, आणि टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, बॅश, ती पेटी दर ६० सेकंदांनी बघतो. ही प्रथा जुनी आहे. १९८० मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या संगणकप्रणालीवर मेल आल्याची वर्दी देणारा 'बिफ' नावाचा प्रोग्राम आला. तिथं सगळ्यांच्या ओळखीचा एक कुत्रा होता, त्याचं नाव याला दिलं. आपल्या आज्ञेला टपाल म्हणायचं मला त्यावरूनच सुचलं.

आता शेवटची काळजी. '.नेटआरसी' असलेला फोन हरवला, चोरीला गेला, विकायला काढला, तर त्याच दिवशी दुसऱ्या कुठल्याही यंत्रावरून गुगल खात्यात ॲप पासवर्डच्या पानावर जा आणि 'टर्मिनल' नावाच्या ओळीपुढचं कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबा. मुख्य पासवर्ड बदलायची गरज पडत नाही. त्या फोनवरून कुणी टपाल विचारलं, तर त्याला ६७ मिळेल.